त्यात काय एवढं!

नळ गळायला लागला की लगेच प्लंबरला फोन करायचा नसतो. आधी त्याच्या नावाने बोटं मोडायची. "रबराचा वायसर बदलायचा, बाकी काय? पाच-दहा रुपयांची वस्तू, पाच मिनिटांचं काम, आणि हे लोक पाचशे मागतात!" हे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणा. घरगुती दुरुस्तीचं अर्धं समाधान इथेच मिळतं. उरलेलं अर्धं मिळत नाही, पण ती पुढची गोष्ट.

मग मोबाइल उघडा. नळ दुरुस्तीचा व्हिडिओ सव्वादोन मिनिटांचा असतो. त्यातली सुरुवातीची चाळीसेक सेकंदं चॅनेल सबस्क्राइब करा सांगण्यात जातात, म्हणजे मूळ विद्या दीड मिनिटाची. ओडिशात केंद्रपाडा नावाचा एक जिल्हा आहे. देशभरातल्या शहरांना पिढ्यान्‌पिढ्या प्लंबर तिथून येतात. पट्टामुंडईला तर प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. पोरं तिथे पाइप कापायला, आटे पाडायला, सांधे जोडायला शिकतात आणि मग घरदार सोडून पार मुंबईपर्यंत येतात. बिचाऱ्यांना कुणी व्हिडिओची लिंक पाठवली नसावी.

हत्यारं स्वतःची हवीत. शेजाऱ्याकडून पान्हा मागितला तर आपल्याकडे पान्हा नाही हे त्याला कळतं. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या बाजूला नागदेवी स्ट्रीटवर हत्यारं मिळतात आणि लोहार चाळीत विजेचं सामान. रविवारी तिथली दुकानं बंद, तेव्हा ऑफिसात अर्धी रजा टाका. ही अर्धी रजा, येण्याजाण्याचं टॅक्सीभाडं आणि तिथवर गेलोच आहोत म्हणून खाल्लेलं जेवण हिशेबात धरायचं नाही. प्लंबरचा येण्याजाण्याचा वेळ आपण कधी धरतो का? दुकानदार नुसता पान्हा दाखवेल, पण तुम्ही चकचकीत पेटीतला अख्खा सेट घ्या. त्यात सगळ्या मापांचे पान्हे असतात, आपल्या नळाचा सोडून.

आता पाणी बंद करा. मुंबईत हे लिहायला फार सोपं आहे. बाथरूममधला स्टॉप कॉक इमारतीचा ताबा मिळाल्यापासून कुणी फिरवलेला नसतो आणि आता तो फिरायला तयार नसतो. मग गच्चीवर जायचं. टाकीखाली ओळीने व्हॉल्व्ह दिसतील. कुठला कुणाचा हे एका वॉचमनला माहीत होतं, तो गावी गेला. अंदाजाने एक बंद करा. बरोबर की चूक ते थोड्याच वेळात कळतं, कारण कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी अंगाला साबण लावून उभं असतंच.

खाली येऊन नळाला पान्हा लावा. हलत नसेल तर जोर लावा. तरी नसेल हलत तर "याला गंज चढलाय" असं म्हणून आणखी जोर लावा. जुन्या इमारतीत भिंतीतला लोखंडी पाइपही तितकाच गंजलेला असतो, त्यामुळे नळाबरोबर त्याचा तुकडाही हातात येतो. तुकडा नीट निरखा. भिंतीत इतकी वर्षं तो कुणाच्या अध्यातमध्यात नव्हता.

टेफ्लॉन टेपचं एक शास्त्र आहे. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नळ आवळताना टेपही घट्ट होत जाते. उलटी गुंडाळली तर आवळताना सुटत जाते. तुम्ही उलटीच गुंडाळाल, पण भरपूर गुंडाळाल.

तानसा, वैतरणा, भातसा या धरणांतून शंभरएक किलोमीटरचा प्रवास करून पाणी या शहरात येतं. पालिका रोज ३८५ कोटी लिटरच्या आसपास पाणी पुरवते. १८९२ साली तानसाचं काम पुरं करणाऱ्यांनी पाणी पार शहरात आणून सोडलं. तिथून ते खालच्या काकूंच्या पीओपीत नेण्याचं काम राहिलं होतं, ते तुम्ही केलंत. काकू वर येतील. त्या ओरडणार नाहीत, त्या फक्त "जरा खाली येऊन बघता का?" म्हणतील. जा. छताकडे बघून "हे जुनंच दिसतंय" म्हणायला विसरू नका. मग सेक्रेटरी येतील. मोरी, संडास, सिंक यांची आतली गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असं गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत आहे, आणि सेक्रेटरींना उपविधींतलं दुसरं काही आठवत नसलं तरी एवढं तोंडपाठ असतं.

यथावकाश प्लंबर येतोच. दारात चपला काढतो, आत डोकावतो आणि एकच प्रश्न विचारतो, "ये किसने खोला?" या प्रश्नाला घरातलं कुणीही उत्तर देत नाही. भिंत फोडून, नवा पाइप टाकून, दोन टाइल्स बळी देऊन तो काम संपवतो. पैसे देताना मात्र ठाम राहा. नळ उघडण्याचं काम आपण आधीच केलेलं होतं, तेवढे कापून घ्या म्हणावं. जाताना त्याचा नंबर मागून ठेवा. तुमच्या फोनमध्ये 'प्लंबर', 'प्लंबर नवीन' आणि 'प्लंबर उचलत नाही' असे तिघे आधीच असतील. याला 'प्लंबर महाग' म्हणून घाला.

ड्रिल मशीन घेतलेल्या माणसाला घरातली प्रत्येक मोकळी भिंत खुपायला लागते. गिरगाव-लालबागकडच्या जुन्या चाळीत असाल तर विटा आणि चुन्याची भिंत सहा मिलिमीटरच्या भोकासाठी मूठभर माती देते. नव्या टॉवरमध्ये असाल तर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली अख्खी काँक्रीटची भिंत असते. तिच्यात लाकडासाठीचं बिट घातलंत तर भोक पडत नाही, बिट तापून लाल मात्र होतं. काँक्रीटसाठी टोकाला कार्बाइड असलेलं बिट लागतं आणि मशीन हॅमरवर ठेवावं लागतं. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात. तुम्हाला मात्र नेमकी तिथेच तसबीर लावायची असेल. वेळ दुपारी दोन ते चारची निवडा, त्या वेळी सगळे घरी असतात आणि झोपलेले असतात. भोक चुकलं तर थोडं सरकून दुसरं पाडा. तेही चुकलं तर तसबीर मोठी घ्या. आमच्या ओळखीच्या एका घरात भिंतभर कॅलेंडरं आहेत. त्यांना तिथींची फारशी आवड आहे असं नाही.

विजेबद्दल थोडक्यात सांगतो. फ्यूजची तार वितळते ती वितळण्यासाठीच लावलेली असते, पण हे तिचं कर्तव्य न मानता दुबळेपणा मानायचा आणि तिच्या जागी तांब्याची जाड तार बसवायची, अशी आपल्याकडे जुनी परंपरा आहे. तार मग वितळत नाही, भिंतीतली वायर वितळते. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टला नऊएक अँपिअर ओढतो. त्याला सहा अँपिअरच्या सॉकेटात बसवायला बाजारात छानसा ॲडॉप्टर मिळतो. तो आधी तपकिरी होतो, मग वास येतो. पंखा सावकाश फिरत असेल तर बहुतेक वेळा अडीच मायक्रोफॅरॅडचा एवढासा कपॅसिटर बदलून भागतं. तुम्ही अर्थातच अख्खा पंखा उतरवाल. परत जोडताना वायरींची अदलाबदल झाली तर तो उलटा फिरतो आणि वारा छताला लागतो. छत काही तक्रार करत नाही.

गॅसला हात लावू नका. नळीही नको, नॉबही नको. एवढा एकच सल्ला खरोखरचा आहे, वाटल्यास कापून ठेवा.

मिक्सरची गोष्ट वेगळी. ओल्या खोबऱ्याचं वाटण चाललेलं असताना तो मध्येच गप्प झाला तर बहुतेक मिक्सरांना तळाशी एक लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं, जरा थंड झाल्यावर दाबलं की मिक्सर सुरू. हे घरातल्या बायकांना ठाऊक असतं, म्हणून त्यांना विचारायचं नाही. तुम्ही तळाचे स्क्रू काढा. सगळं उलगडून झालं की पुन्हा मिटवा. दोन स्क्रू उरतील. मग मिक्सर पिशवीत घालून नाक्यावरच्या दुकानात न्या. तो माणूस आधी बटण दाबेल, नंतर तुमच्याकडे बघेल, आणि बटण दाबण्याचे नव्हे तर त्या दोन स्क्रूंचे पैसे घेईल.

स्वयंपाकघरात एकदा शिरलाच आहात तर तिथेही आपल्याला सगळं येतंच. आई आणि बायको आयुष्यभर करत आल्या ते आपण आयुष्यभर खात आलो, म्हणजे अनुभव सारखाच. २०२०च्या टाळेबंदीत ही गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. ज्यांनी कधी चहाचं आधण ठेवलं नव्हतं ते कुकरमध्ये केक करायला लागले. त्यात पाणी घालायचं नसतं, रबरी रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची असते. कित्येकांनी पाणी घातलं नाही, एवढं बरोबर केलं.

बोंबील तळायचे तर आधी चिरून, काटा काढून, मीठ लावून वजनाखाली दाबावे लागतात, कारण तो मासा म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. पूर्वी त्यावर पाटा ठेवायचे. वन बीएचकेमध्ये पाटा कुठला? नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली हत्यारांची पेटी ठेवा. त्या पेटीचा या लेखातला पहिला यशस्वी उपयोग हाच. बोंबील कुरकुरीत होतील. पान्ह्याला वास लागेल, पण पान्हा तसाही कुणी मागत नाही.

मात्र खरा कस अनारशात लागतो. चकली मऊ पडली तर मुलं खातात, शंकरपाळ्या कडक झाल्या तर चहात बुडवता येतात. अनारशाला असली पळवाट नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग कपड्यावर पसरून असे वाळवायचे की हाताला किंचित ओल लागली पाहिजे पण चिकटता कामा नये. कुटून, चाळून, किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळे करून मुरत ठेवायचे. किती दिवस, तर मुरेपर्यंत. तुम्ही आईला विचाराल, "अगं, पण गूळ नक्की किती ग्रॅम?" ती म्हणेल, "पिठाला लागेल तेवढा." तुम्हाला वाटेल ती टाळतेय. ती टाळत नाही, तिचा वजनकाटा तळहातात आहे. दीड मिनिटाच्या व्हिडिओत तीन दिवस बसवलेले असतात, त्यामुळे तुम्ही तांदूळ कोमट पाण्यात दुपारभर भिजवा आणि पंख्याखाली वाळवा. पंखा सरळ फिरत असेल तर.

मग खसखशीवर थापा, खसखस वरच्या अंगाला राहील असा तुपात सोडा. उलटायचा नसतो, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. तुमचा अनारसा क्षणभर गोल राहील, कडेने सुटायला लागेल आणि बघताबघता तुपभर पसरेल. अनारसा हसला असं याला म्हणतात. आई त्या वेळी खिडकीबाहेर बघत असेल. तीही हसत असेल, पण ती पसरत नाही.

खचून जाऊ नका. तुपातला चुरा गाळून काचेच्या छोट्या पेल्यात घाला, वर आइस्क्रीमचा गोळा ठेवा, फोटो काढा आणि 'डीकन्स्ट्रक्टेड अनारसा' म्हणून स्टेटसला लावा. भरपूर बदाम येतील. पाठवणाऱ्यांना काही खायचं नसतं, त्यामुळे अभिप्राय मनापासून असतात. ओट्यावर घरातलं प्रत्येक पातेलं पडलेलं असेल. ते कोण घासणार या विषयात पडू नका, तुम्ही निर्मिती केलेली आहे.

पण दिवाळीला फराळाच्या ताटात काहीतरी लागतंच. तेव्हा दादरला पश्चिमेला उतरा आणि घरगुती फराळ विकणारं एखादं दुकान गाठा. अनारशांचा भाव विचारा. ऐकल्यावर हात मागे घ्या, आणि आजूबाजूच्या चार गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल असं म्हणा, "अहो, तांदूळ आणि गूळ! त्यात काय एवढं?" गल्ल्यावरच्या मावशी रागावणार नाहीत. त्यांना तुमच्यासारखे रोज भेटतात. त्या मागच्या फळीवरचं एक पाकीट काढून तुमच्यासमोर ठेवतील आणि म्हणतील, "बरोबर आहे दादा. मग हे अनारशाचं तयार पीठ घेऊन जा की. नुसतं थापायचं आणि तळायचं."

अर्धा किलो घ्या.