नोडला फाइल का म्हटलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. अँड्रॉइडमधल्या '/डेव्ह' फोल्डरवरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. (नोड म्हणजे त्या फोल्डरमधली, एखाद्या ड्रायव्हरकडे नेणारी नोंद; ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम.) नोडमध्ये काहीच साठवलेलं नसतं, म्हणून त्याला फाइल म्हणणं चूक. फोनमधल्या प्रत्येक हार्डवेअरला नोड असतो, हे माझं वाक्य खोटं. आणि कुठलंही ॲप नोडच्या वाटेला जात नाही, तेव्हा सामान्य वाचकाला हे सांगणं म्हणजे त्याला फोन रूट करायच्या, म्हणजे फोनवर सर्वाधिकार मिळवायच्या नादी लावणं.

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. वायफायचा 'डब्ल्यूलॅन०' हा इंटरफेस '/डेव्ह'मध्ये शोधूनही सापडत नाही. अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्समध्ये नेटवर्कशी सॉकेट नावाच्या वेगळ्या जोडणीतून बोलतात, नोडमधून नाही. मी ते वाक्य दुरुस्त केलं आहे. चूक दाखवून दिलीत, आभारी आहे.

पहिल्या आक्षेपात निम्मं तथ्य आहे. नोडमध्ये मजकूर नसतो हे खरंच. पण फाइलसारखंच त्याला नाव असतं, मालक असतो, गट असतो, परवानग्या असतात, आणि तो उघडायचा तर 'ओपन' हीच हाक कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, द्यावी लागते. फोन केबलने संगणकाला जोडून 'एडीबी शेल'मध्ये (संगणकावरून फोनला लेखी आज्ञा द्यायची सोय) '/डेव्ह/नल'ची सविस्तर यादी मागवून पाहा. ओळ 'सी' या अक्षराने सुरू होते, म्हणजे हे कॅरेक्टर प्रकारचं, माहिती ओघाने देणारं-घेणारं उपकरण. आणि एरवी जिथे फाइलचा आकार छापलेला असतो, तिथे '१, ३' असे दोन आकडे दिसतात. पहिला मेजर क्रमांक, दुसरा मायनर. मेजरवरून कर्नल ड्रायव्हर शोधतो, मायनरवरून त्या ड्रायव्हरकडची नेमकी वस्तू. नोडजवळ स्वतःचं असं एवढंच असतं. मी त्याला दारावरची पाटी म्हटलं होतं ते याच कारणाने. पाटी काढली म्हणून घर नाहीसं होत नाही, आणि नोड पुसला म्हणून ड्रायव्हर मरत नाही. तसंही '/डेव्ह' हे फोनच्या मेमरीत उभारलेलं तात्पुरतं फोल्डर आहे. फोन सुरू होताना कर्नल सापडलेल्या उपकरणांची वर्दी देतो आणि 'यूइव्हेंटडी' नावाची प्रक्रिया त्याबरहुकूम एकेक नोड तयार करते. कुणाला किती परवानगी द्यायची हे ती 'यूइव्हेंटडी.आरसी' या साध्या मजकुराच्या फाइलींतून वाचते.

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे.

ॲप नोडच्या वाटेला जात नाही, असं नाही. प्रत्येक ॲप सुरू होताच एक नोड उघडतं: '/डेव्ह/बाइंडर', ॲप आणि सिस्टिमच्या सेवा यांच्यात निरोप पोचवणारा. तो उघडून साधारण १ एमबीची जागा स्वतःसाठी आखून घेतं, आणि पुढची जवळपास सगळी विचारणा त्याच वाटेने होते. तुम्ही फोटो काढता तेव्हा ॲप कॅमेऱ्याचा नोड उघडत नाही, ते बाइंडरमधून कॅमेरा सेवेकडे मागणी करतं. 'परवानगी आहे का' हे ती सेवा तपासते. प्रत्यक्ष नोडला हात लावते ती फोननिर्मात्याची वेगळी प्रक्रिया, निदान अँड्रॉइड ८ पासून तरी. पडद्यावर 'परवानगी द्या' म्हणून जी चौकट येते तिला अर्थ आहे तो यामुळेच. ॲपला कॅमेऱ्याचा नोड थेट उघडता आला असता, तर त्या चौकटीत 'नाही' दाबून काय उपयोग होता?

ही भीती कागदावरची नाही. डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या एक्झिनॉस ४ चिपच्या फोनांत, म्हणजे गॅलेक्सी एस ३ आणि नोट २ सारख्या मॉडेलांत, '/डेव्ह/एक्झिनॉस-मेम' या नोडची परवानगी ०६६६ ठेवलेली आढळली. ०६६६ म्हणजे वाचायला आणि लिहायला सगळ्यांना मोकळं. त्या नोडमागे फोनची भौतिक मेमरी होती. कुठल्याही ॲपला, एकही परवानगी न मागता, त्यातून कर्नलच्या मेमरीत लिहून रूट होता येत होतं. सॅमसंगला अपडेट काढावं लागलं. ड्रायव्हर, नोड, परवानगी यांतलं काहीच ज्याला कधी सांगितलं गेलं नाही, त्याने असं अपडेट तातडीने का घ्यावं?

त्यानंतर दुसरं कुलूप आलं. अँड्रॉइड ४.३ मध्ये एसईलिनक्स ही फाइलींच्या परवानग्यांवरची आणखी एक नियमावली आली, पण ती फक्त नोंद करायची, अडवायची नाही. ५.० पासून ती सगळीकडे सक्तीची झाली. आता नोडला ०६६६ दिलं तरी भागत नाही, ॲप ज्या वर्गात मोडतं त्या वर्गाला, त्या नोडवर लावलेल्या लेबलसाठी या नियमावलीत मुभा लागते. आणि '/डेटा' हा ॲपांची माहिती साठवणारा विभाग 'नोडेव्ह' (इथले नोड चालणार नाहीत) या अटीवर जोडलेला असतो. तिथे कुणी नोड बनवला तरी त्यातले मेजर-मायनर आकडे कर्नल जुमानत नाही.

आता रूटबद्दल. माझ्या लेखातला एकही प्रयोग रूट मागत नाही. 'एडीबी शेल'मध्ये 'गेटइव्हेंट -एल' चालवा आणि पडद्यावर बोट फिरवा. '/डेव्ह/इनपुट'मधल्या नोडमधून बोटाचे एक्स-वाय आकडे भराभर येताना दिसतील. शेलचं खातं 'इनपुट' गटात असतं म्हणून त्याला हे दिसतं, ॲप त्या गटात नसतं म्हणून त्याला दिसत नाही. यूपीआयचा पिन टाकताना बोट कुठे कुठे टेकलं, हे याच आकड्यांवरून कळू शकतं. फोन रूट करून एखाद्या ॲपला सुपरयूजर, म्हणजे सर्वाधिकारी, केलं की ही आडकाठी आपल्याच हाताने निघते. माझ्या लेखात हे शेवटच्या परिच्छेदात होतं. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर ते मी अगदी वर, प्रयोगांच्याही आधी आणलं आहे.

'गेटइव्हेंट' तुमच्या फोनवर चालवून पाहाल का? काही नोड उघडायला नकार मिळाला, तर तो संदेश जसाच्या तसा इथे लिहा. कुठल्या कुलपाने अडवलं ते आपण शोधू.