सुई टोचल्यावर पेशी कुठे जाते?

ऑटिझम असलेल्या मुलाला स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून इतर पेशी तयार होतात त्या मूळ पेशी, द्यायच्या का, असा प्रश्न मला भारतातून अनेकदा विचारला जातो. विचारणारे बहुतेक वेळा आईवडीलच असतात, कुणाच्या तरी ओळखीने माझ्यापर्यंत पोचलेले. मी डॉक्टर नाही. बॉस्टनमधल्या एका प्रयोगशाळेत मी जिवंत उंदराच्या अस्थिमज्जेतल्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहते आणि त्या चित्रणाचा अभ्यास करते. पण माझ्या कामात ‘स्टेम सेल’ आहेत, एवढे त्यांना पुरते. त्यांच्या आवाजातली आस ऐकली की, हे माझे क्षेत्र नाही, असे म्हणून फोन ठेवणे मला जमत नाही.

भारतातला वाद मी इथून नियमित वाचते. एका बाजूला नियम आहेत. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या काही आजारांसाठी केले जाणारे रक्तपेशींचे प्रत्यारोपण सोडले तर स्टेम सेलचा दुसरा कोणताही वापर मान्य उपचार नाही. तो फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही आणि त्याची जाहिरात करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीने २०२२ मध्ये सांगितले. दुसऱ्या बाजूला ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नाही असे पालक आहेत, आणि त्यांना मार्ग दाखवतो म्हणणारी केंद्रे आहेत. एक बाजू म्हणते पुरावा आणा, दुसरी म्हणते आम्हाला तेवढा वेळ नाही. या सगळ्यात एक साधा प्रश्न मला फारसा ऐकू येत नाही: सुईतून आत गेलेली पेशी पुढे जाते कुठे? किती दिवस जगते? तिथे पोचून करते काय?

हा प्रश्न आता निव्वळ तात्त्विक राहिलेला नाही. त्याचे उत्तर बऱ्याच अंशी डोळ्यांनी पाहता येते, आणि या वादात तेच सर्वांत मोलाचे आहे, असे मला वाटते.

रक्ताच्या मूळ पेशी राहतात त्या अस्थिमज्जेत, आणि ती जिवंतपणी पाहणे फार काळ शक्यच नव्हते. टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकुलॉक यांनी १९६१ मध्ये रक्ताच्या मूळ पेशींचा भक्कम पुरावा दिला, तोही अप्रत्यक्ष होता. किरणोत्सर्गाने मज्जा नष्ट झालेल्या उंदरांना त्यांनी दुसऱ्या उंदरांची मज्जा दिली आणि त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या. रे स्कोफिल्डने १९७८ मध्ये सुचवले की या पेशींना मज्जेत एक ठरावीक जागा लागते आणि ती जागाच त्यांना मूळ पेशी म्हणून टिकवून धरते. कल्पना सुंदर होती, पण ती जागा बघणार कशी? मज्जा हाडाच्या आत. ती पाहायची तर बाहेर काढायची, आणि बाहेर काढली की कोणती पेशी कुठे होती, कुणाला खेटून होती, हे सगळे गेले. उंदराच्या मज्जेत रक्ताची खरी मूळ पेशी दहा हजारांत एक, किंवा त्याहूनही विरळ. त्यामुळे या पेशींबद्दल आपल्याला जे कळत होते, ते सगळे त्यांना घरातून उचलून आणल्यावर.

वाट निघाली ती भौतिकशास्त्रातून. एकाच क्षणी दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले जाऊ शकतात, हे मारिया गोएपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये आपल्या प्रबंधात गणिताने मांडले होते. त्यावर आधारलेला मायक्रोस्कोप विनफ्रीड डेंक, जेम्स स्ट्रिकलर आणि वॉट वेब यांनी कॉर्नेल विद्यापीठात १९९० मध्ये तयार केला. मधली एकोणसाठ वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. ‘याचा उपयोग काय’ असे विचारून तो प्रबंध बाजूला पडला असता, तर आज मी जे काम करते ते अस्तित्वातच नसते. या मायक्रोस्कोपमध्ये अवरक्त लेसर वापरतात. तो ऊतीत खोलवर जातो आणि नेमक्या एका बिंदूपाशीच चमक उठवतो. उंदराच्या कवटीचे हाड इतके पातळ असते की ते न कापता, भूल दिलेल्या प्राण्याच्या हाडातून खालची मज्जा दिसते. हाडातले कोलॅजन रंग न घालताही प्रकाशाला प्रतिसाद देते, म्हणून हाडाची कड आपोआप उमटते. रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडायचे, आणि पेशीला चमकणारे प्रथिन जनुकातूनच दिलेले असते.

मग दिसते ते वाचून कळण्यासारखे नाही, तरी सांगते. रक्तवाहिन्यांतून तांबड्या पेशी सावल्यांसारख्या धावत असतात. पांढऱ्या पेशी भिंतीला चिकटतात, रांगतात, आरपार निघतात. मेगाकॅरिओसाइट नावाची अवाढव्य पेशी वाहिनीच्या भिंतीतून आपला हात आत सरकवते, आणि वाहत्या रक्ताच्या जोराने त्याचे तुकडे तुटून पुढे जातात. त्यांतूनच प्लेटलेट बनतात. जिवंत मज्जेतले हे दृश्य २००७ मध्ये प्रथम नोंदवले गेले. त्याच परिसरात मूळ पेशी मात्र बहुधा जागच्या जागी, वाहिनीच्या आसपास, क्वचित थोडीशी हलणारी.

पाहिल्यामुळे काय बदलले, याची दोन उदाहरणे देते. मज्जेत सर्वांत कमी ऑक्सिजन हाडाच्या कडेला असणार, असे दीर्घकाळ मानले जात होते. २०१४ मध्ये जिवंत उंदराच्या मज्जेत तो प्रत्यक्ष मोजला, तेव्हा सर्वांत कमी ऑक्सिजन हाडापासून दूर, खोलवरच्या रुंद वाहिन्यांभोवती सापडला. दुसरे उदाहरण ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे. औषधातून वाचलेल्या कर्करोगाच्या पेशी मज्जेतल्या एखाद्या सुरक्षित कोपऱ्यात दडून बसतात, ही कल्पना इतकी रुळली होती की तो कोपरा शोधून काढणे एवढेच उरले आहे, असे वाटे. २०१६ मध्ये टी-पेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या ल्युकेमियाचे जिवंत चित्रण झाले. केमोथेरपीतून वाचलेल्या पेशी दडलेल्या नव्हत्या. त्या मज्जेत सगळीकडे भटकत होत्या. कोपऱ्यावर हल्ला करणारे औषध शोधायचे की भटकंती थांबवणारे, हा रुग्णाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे.

आता पुन्हा त्या सुईकडे येऊ. अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी का होते? शिरेतून दिलेली रक्ताची मूळ पेशी मज्जेतला रासायनिक इशारा ओळखते, तिथल्या वाहिनीच्या भिंतीला धरते आणि आत शिरते. तिला वाट माहीत असते, आणि पोचण्याचे ठिकाणही तिचेच असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये भारतातले पहिले प्रत्यारोपण झाले. तेव्हापासून हजारो माणसे या वाटेवर जगली आहेत. पण ऑटिझमपासून गुडघेदुखीपर्यंत जी ‘स्टेम सेल’ बऱ्याचदा दिली जाते, ती ही नव्हेच. ती मेसेन्कायमल नावाची वेगळी पेशी, आकाराने मोठी. शिरेतून दिली की यांतल्या बहुतेक पेशी फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. प्राण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा पाहिले गेले आहे. तिथे अडकूनही त्या काही उपयोगी संदेश सोडत असतील, असे मानणारे गंभीर संशोधक आहेत, आणि ते तपासले जायला हवे. पण ‘पेशी मेंदूपर्यंत जाऊन दुरुस्ती करतात’ असे आईला सांगितले जाते, तेव्हा तिला न घडणारी गोष्ट सांगितली जात असते. याचा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

हृदयाच्या बाबतीत हे आधीच घडून गेले आहे. मज्जेतल्या पेशी हृदयाचा स्नायू नव्याने बनवतात, असा दावा २००१ मध्ये झाला. २००४ मध्ये इतर प्रयोगशाळांनी खुणा केलेल्या पेशींचा माग काढला. त्या स्नायू बनत नव्हत्या. तरीही रुग्णांवरच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालूच राहिल्या. शेवटी २०१८ मध्ये त्या मूळ गटाचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे हार्वर्डने कळवले. पेशींचा माग काढणाऱ्यांचे म्हणणे वेळीच ऐकले असते, तर किती रुग्णांच्या हृदयात विनाकारण सुई गेली नसती!

इथे राहणारे आपले लोक कधी कधी म्हणतात, ‘हे सगळे तिकडेच चालते, इकडे कायदा कडक आहे.’ मला हे अजिबात पटत नाही. फ्लोरिडात चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्यामुळे तीन स्त्रियांची दृष्टी गेली. ती प्रकरणे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच फ्लोरिडाने २०२५ मध्ये कायदा करून हाडे-सांधे, जखमा आणि वेदना यांसाठी, एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामकाची मान्यता नसलेल्या स्टेम सेल देण्याची मुभा डॉक्टरांना दिली. कागदावर पाहिले तर भारताचा २०१७ चा नियम त्याहून कितीतरी शहाणा आहे. त्याच्यामागे अंमलबजावणी उभी करायला हवी. परदेशाकडे पाहून तो सैल करायचे काहीच कारण नाही.

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा वाद दोन्हीकडे सारखाच चालू आहे. नव्या औषधांच्या चाचणीत चिपवरचे अवयव (छोट्या चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची प्रतिकृती) वगैरे पर्याय वापरता येतील, अशी दुरुस्ती भारताने २०२३ मध्ये नियमांत केली. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेनेही २०२५ मध्ये त्याच दिशेने पाऊल टाकले. औषधाचा विषारीपणा तपासायला हे पर्याय चांगले आहेत, आणि जिथे उंदीर वाचतो तिथे तो वाचलाच पाहिजे. पण चिपमध्ये आपण जे घालतो तेच असते. २०१३ मध्ये कुणी मज्जेची चिप बनवली असती, तर तिने सर्वांत कमी ऑक्सिजन हाडाच्या कडेलाच ठेवला असता, कारण तेव्हा तसेच मानले जात होते. शिवाय एकाच उंदराकडे पुन्हा पुन्हा पाहता येत असल्यामुळे प्रत्येक टप्प्यासाठी वेगळा प्राणी मारावा लागत नाही. माझ्यापुरता विचार करून मी जिवंत प्राण्यात पाहण्याच्या बाजूला आहे, आणि टेबलावर झोपलेला प्राणी जिवंत आहे याचे भान ठेवूनच आहे.

आमच्या पद्धतीच्या मर्यादा मोठ्या आहेत, हेही खरे. दिसते ते कवटीच्या हाडाखालच्या पातळ थरातले, आणि उंदराचे. माणसाच्या कमरेच्या हाडात असे पाहता येत नाही. भुलीचाही परिणाम होतो.

भारतात या कामाची क्षमता नाही, असे मला कधीच वाटले नाही. वेल्लोरच्या सीएमसी (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) रुग्णालयात हिमोफिलिया-ए या रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक आजाराच्या पाच रुग्णांच्या रक्तातल्या मूळ पेशी काढून, शरीराबाहेर त्यांत जनुक घालून त्या परत दिल्या गेल्या. रक्तस्राव थांबले, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ते जगापुढे आले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून घडलेल्या कार-टी उपचाराला (यात रुग्णाच्याच टी-पेशी बदलून कर्करोगाविरुद्ध वापरतात) २०२३ मध्येच मान्यता मिळाली. पण संशोधनावरचा देशाचा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास राहतो, तेव्हा ‘नुसते पाहण्यासाठी’ पैसे मागणारा माणूस रांगेत शेवटी उभा असतो. मायक्रोस्कोप एकदाचा विकत घेता येतो. तो चालवणारी माणसे तयार व्हायला वर्षे लागतात. लेसर जुळवणारा, शस्त्रक्रियेत हात बसलेला, चित्रणातून हालचाल मोजणारा, अशा माणसांना कायमची पदे हवीत. तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेली मुले काम हाती येईपर्यंत निघून जातात, आणि त्यांतली बरीच इथे माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसतात. ती आली की मला आनंद होतो आणि वाईटही वाटते.

रुग्णांवरच्या चाचण्यांतही एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे. इंडियमसारख्या किरणोत्सारी खुणेने पांढऱ्या पेशींना चिन्हांकित करून त्या शरीरात कुठे गेल्या हे स्कॅनमध्ये पाहणे, ही जुनी आणि रुळलेली पद्धत आहे. ज्या चाचणीत पेशी शिरेतून किंवा पाठीच्या कण्यातून दिली जाणार आहे, तिच्या पहिल्या टप्प्यात काही प्रौढ, संमती दिलेल्या रुग्णांमध्ये तरी पेशी कुठे पोचल्या याची नोंद सक्तीची करावी. भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत प्रत्येक चाचणीने आपण काय मोजणार ते आधीच लिहायचे असते. तिथेच ‘पेशी कुठे गेल्या’ हा रकाना वाढवावा, आणि त्याचे उत्तर आल्याशिवाय मुलांवरच्या टप्प्याला परवानगी देऊ नये.