‘गळका रांजण’ म्हणण्याआधी रवांडाकडे बघा

अमेरिकेनं २०२५मध्ये परदेशी मदतीला कात्री लावली, तेव्हापासून एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा समोर येतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: युद्धानं पोळलेल्या गरीब देशांत दवाखाने उभे करणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणं. आधी तिथे समृद्धी येऊ द्या, आरोग्याचं नंतर बघू. तोवर साथ आलीच, तर बाहेरून पथकं पाठवली की भागतं. पुढे पाठवणाऱ्यांत माझ्या जवळचे, भले लोक आहेत, म्हणून हे उत्तर.

‘आधी समृद्धी’ हे पहिल्यांदा घेते. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ साली वंशसंहारात शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. मेलेल्यांत आणि परागंदा झालेल्यांत डॉक्टर होते, नर्सही होत्या. २०००च्या पाहणीत तिथली हजारातली १९६ मुलं पाच वर्षांची होण्याआधीच दगावत होती. २०१९-२०च्या पाहणीत हा आकडा ४५वर आला. देश आजही गरीबच आहे.

हे साधलं ते मोठ्या इमारतींमुळे नव्हे. प्रत्येक गावानं आपल्यातलेच तिघं आरोग्यसेवक म्हणून निवडले, देशभरात सुमारे ४५ हजार. पोर तापानं फणफणलं की मलेरियाची तपासणी आणि औषध गावातच. जुलाब, न्यूमोनियाचंही तसंच. बाळंतपणासाठी बाईला वेळेवर दवाखान्यात धाडण्याचं काम तिघांपैकी एकीकडे. जोडीला ‘मुत्युएल’ हा विमा, २०१०च्या सुमारास दहातल्या नऊ जणांपर्यंत पोचलेला. अगदी गरिबांचा हप्ता भरायला मदतीचा पैसा वापरला गेला. (गावातल्याच माणसाच्या हाती औषध देण्याचं हे काम जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७०मध्ये सुरू केलं होतं. आपल्याला तरी ते अशक्य वाटू नये.) रवांडातलं सरकार विरोधकांना बोलू देत नाही, ही तक्रार खरी आहे आणि मला ती लहान वाटत नाही. पण जगलेली मुलं त्यानं खोटी ठरत नाहीत.

आता रांजण. गळती आहे, चोरीही होते. पण एक मोठं भोक देणाऱ्यांनीच पाडलेलं असतं, त्याबद्दल त्या मजकुरात अवाक्षर नाही. एक संस्था एकाच आजारासाठी येते. तिचं गोदाम वेगळं, गाडी वेगळी, नोंदवही वेगळी. सरकारी दवाखान्यातली अनुभवी नर्स दुप्पट पगारावर तिकडे जाते. प्रकल्प संपतो, गाडी निघून जाते, नर्स मात्र परतत नाही. रवांडानं एचआयव्हीसाठी आलेल्या पैशातूनही सगळ्यांच्या उपयोगाचे दवाखाने सुधारून घेतले. भोक बुजवता येतं ते असं. पाणी ओतणंच थांबवून ते बुजत नाही.

आणि पथकं? तहान लागल्यावर विहीर खणण्याची किंमत पश्चिम आफ्रिकेनं २०१४मध्ये मोजली. इबोला आला तेव्हा चाळीस लाखांवर वस्तीच्या लायबेरियात डॉक्टर होते जेमतेम पन्नासेक. साधे हातमोजे पुरत नव्हते, नर्स मरत होत्या, बाळंतपणं दवाखान्याबाहेर पडली. बाहेरची पथकं आली, जिवावर उदार होऊन लढली, पण फार उशिरा. गिनी, सिएरा लिओन आणि लायबेरियात मिळून ११ हजारांहून जास्त माणसं गेली.

त्याच वर्षी जुलैत तोच विषाणू विमानानं नायजेरियातल्या लागोस शहरात उतरला. नायजेरियाकडे पोलिओसाठी उभारलेलं आपत्कालीन केंद्र होतं, माग काढायला शिकलेली माणसं होती. त्यांनी रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना दारोदार जाऊन शोधलं. रुग्ण २०वर थांबले, मृत्यू आठवर.

सप्टेंबर २०२४मध्ये रवांडात इबोलाच्याच कुळातला मारबर्ग विषाणू आला. सरासरी निम्मे रुग्ण घेऊन जाणारा हा आजार, मान्यताप्राप्त लस नाही, औषध नाही. ६६ जणांना लागण झाली, बहुतेक आरोग्य कर्मचारीच. त्यातले १५ गेले. दोघांचे अवयव निकामी होत होते, त्यांना कृत्रिम श्वासावर ठेवलं. पुढे नळी काढली आणि दोघंही बरे झाले.