आधी भात, मग मका : ग्वाल्हेरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

'रिमवर्ल्ड' हा परग्रहावर वसाहत वसवण्याचा संगणकावरचा खेळ नव्याने खेळणाऱ्यांसाठी मी लिहिलेल्या लेखावर आपण ग्वाल्हेरहून पाठवलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, पहिल्यांदा जरा चिडून आणि दुसऱ्यांदा शेजारी खेळ उघडा ठेवून. उत्तराला आठवडा लागला, कारण आपल्या म्हणण्याप्रमाणे एक वसाहत प्रत्यक्ष वसवून पाहिल्याशिवाय काही लिहिणे मला बरे वाटेना.

इतर वाचकांसाठी आपल्या आक्षेपांचा सारांश देतो. मी पहिले पीक म्हणून भात सुचवला, तर आपल्या मते त्यात नवख्याचे श्रम वाया जातात आणि त्याने पहिल्या दिवसापासून मका लावावा. मी लाकडी घर बांधायला सांगितले, तर आपण म्हणता की लाकूड म्हणजे सरण रचणे आणि दगडाशिवाय एकही भिंत उभी करू नये. मी बुचर टेबल, म्हणजे शिकार कापायचे टेबल, चुलीशेजारी ठेवायला सांगितले, ही आपल्या मते घोडचूक. वसाहतीवर कोणते संकट कधी यावे हे ठरवणारी, म्हणजे खेळातली गोष्ट रचणारी, म्हणून मी फीबी निवडायला सांगितले, ते आपल्याला मिळमिळीत वाटले. शेवटी आपण लिहिले आहे की, हा लेख म्हणजे भित्र्या माणसाने मांडलेला काटकसरीचा संसार आहे. या शेवटच्या वाक्यावर घरात सगळे हसले, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही.

प्रथम मक्याबद्दल, कारण आपला सगळ्यात जोरदार मुद्दा तोच आहे आणि श्रमाच्या बाजूने तो बरोबरही आहे. मक्याच्या एका रोपाला २२ कणसांचे उत्पन्न मिळते आणि भाताच्या रोपाला ६ चे. म्हणजे तेवढेच धान्य घरात यायला भाताची पेरणी आणि कापणी जवळजवळ चौपट वेळा करावी लागते. जमिनीच्या हिशेबाने मात्र दोघांत फारसा फरक पडत नाही. या खेळात रोपे रात्री वाढत नाहीत, त्यामुळे साधारण जमिनीत भात सुमारे साडेपाच दिवसांत तयार होतो आणि मका सुमारे २१ दिवसांत, आणि दोन्हींचे नकाशावरच्या दर चौकटीमागे रोजचे उत्पन्न एकाच्या थोडेसे वर, जवळपास सारखेच निघते. तेव्हा श्रम वाचवायचे असतील तर मका, यात वाद नाही.

आता कोठाराकडे पाहावे. यान कोसळून तीन माणसे उतरतात, त्या नेहमीच्या सुरुवातीला आपल्या हातात ५० बंद जेवणे असतात. एका माणसाला दिवसाला पावणेदोनाहून किंचित जास्त जेवणे लागतात, म्हणजे तिघांचे मिळून साधारण सव्वापाच. ही शिदोरी नऊ दिवस पुरते. पहिल्याच सकाळी मका पेरला तरी तो एकविसाव्या दिवसाच्या आसपास हाती येतो. मधले बारा दिवस ती माणसे काय खाणार, हे आपल्या प्रतिक्रियेत कुठेच आलेले नाही. शिकार करतील, असे आपण म्हणाल. आपण कराल, कारण कोणते जनावर जखमी झाल्यावर उलटून अंगावर येते हे आपल्याला ठाऊक आहे. नवखा मात्र बोल्ट-ॲक्शन रायफल देऊन कोणाला तरी पाठवतो, तीन गोळ्या चुकतात आणि मग त्या शिकाऱ्याला उचलून आणण्यातच उरलेल्या दोघांची दुपार जाते. भात सहाव्या-सातव्या दिवशी घरात येतो. पहिले पंधरा दिवस श्रमाचा हिशेब मांडायचाच नसतो, तारखेचा मांडायचा असतो. श्रमाचा हिशेब त्यानंतर सुरू होतो आणि तिथून पुढे आपलाच सल्ला लागू पडतो. पहिल्या कापणीनंतर अर्धे शेत मक्याकडे वळवावे, हे वाक्य मूळ लेखात असायला हवे होते. ते आता घातले आहे, त्याचे श्रेय आपले.

शेत केवढे असावे, हेही मी 'पुरेसे मोठे' असे मोघम लिहून मोकळा झालो होतो. साध्या एका जेवणाला दहा दाणे लागतात, तेव्हा तिघांना दिवसाला ५३ च्या आसपास लागतील. सात बाय सातचा तुकडा, म्हणजे ४९ चौकटी, याच्या जेमतेम जवळ पोहोचतो. चौथा माणूस येऊन मिळणार आणि एखाद्या वेळी पिकावर रोग पडणार, हे धरून आठ बाय आठ घ्यावा. जमीन कशी आहे हेही महत्त्वाचे. आम्ही माळव्यातले लोक, 'मालव माटी गहन गंभीर, पग पग रोटी, डग डग नीर' ऐकत वाढलेले, त्यामुळे खेळातही काळीशार जमीन गृहीत धरून बसतो. पण नकाशावर अर्धी जमीन मुरमाड निघू शकते आणि तिथे भात आणि मका दोघेही सत्तर टक्के वेगाने वाढतात. बटाटा अशा जमिनीत फारसा अडत नाही. ज्याच्या वाट्याला मुरूम आला त्याने भातही विसरावा आणि मकाही, आणि बटाटा लावावा.

आता भिंती. किल्ल्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाने दगडाची बाजू घ्यावी यात नवल नाही. आगीबद्दल आपण मला जे सुनावले आहे ते मात्र इंदूरच्या माणसाला सुनावण्याची गरज नव्हती. आमच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, आणि हा वाडा आजवर तीनदा जळला, शेवटी १९८४ साली. लाकूड कसे जळते हे इथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

तरीही पहिले घर लाकडीच असावे, असे मी म्हणतो आणि त्याचे कारण पुन्हा तारीख हेच आहे. दगडी भिंतीआधी दगड फोडायचे टेबल लागते, विखुरलेले धोंडे एकेक करून त्या टेबलापर्यंत ओढून आणावे लागतात, एका धोंड्यातून २० चिरे निघतात आणि भिंतीच्या एका चौकटीला ५ चिरे जातात. इतके होऊनही ती चौकट बांधायला लाकडी चौकटीच्या ढोबळमानाने आठ ते दहा पट वेळ लागतो. मी आपल्या सांगण्याप्रमाणे वालुकाश्माचे घर बांधायला घेतले. पाचव्या रात्री तीन भिंती झाल्या होत्या, चौथी अर्धी होती, छप्पर नव्हते, आणि तिघे जण पावसात जमिनीवर झोपून सकाळी एकमेकांवर खेकसत होते. त्यांपैकी एकीचे मन दुसऱ्याच दिवशी इतके ढासळले की ती कामधंदा सोडून नुसती भटकत सुटली. सुरुवातीला मिळालेल्या ३०० लाकडांत साठ चौकटी होतात. एक मोठी खोली, तीन पलंग आणि एक टेबल यांसाठी त्यात वीस-पंचवीस झाडे तोडून आणखी भर घातली की पहिल्या संध्याकाळी डोक्यावर छप्पर येते. त्या टेबलाला विसरू नये, कारण टेबलाशिवाय जेवावे लागले तर ही माणसे मनात धरून ठेवतात.

नंतर मात्र दगड. वसाहतीला पहिला महिना झाला, म्हणजे खेळाच्या ६० दिवसांच्या वर्षातला पंधरा दिवसांचा पहिला चौथा हिस्सा उलटला, की स्वयंपाकघर, कोठार आणि बॅटरीची खोली या क्रमाने लाकूड काढून दगड घालावा. आपण पोलादी भिंतींचा उल्लेख केलेला नाही, पण पुष्कळ नवखे घाईघाईने पोलाद वापरतात, म्हणून सांगून ठेवतो की या खेळात पोलादाची भिंतही पेट घेते. लाकडाइतकी नव्हे, पण घेते. आणि पोलाद भिंतीत घातले की यंत्रांना उरत नाही.

बुचर टेबलाबद्दल मला कसलाही बचाव मांडायचा नाही. स्वयंपाक्याची पायपीट वाचावी म्हणून मी ते चुलीला लागून ठेवायला सांगितले होते, आणि या सल्ल्याचा पहिला बळी माझ्या घरातलाच निघाला. माझा भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. लेख वाचून त्याने वसाहत वसवली, तिघांना घरातल्यांची नावे दिली आणि स्वयंपाकघर 'मामा'च्या स्वाधीन केले. खोलीला फरशी नव्हती, मातीच होती. चुलीच्या उजव्या हाताला बुचर टेबल, त्यावर दोन ससे आणि एक हरीण. तिघांपैकी दोघे खेळाने दिलेल्या पूर्वायुष्यामुळे झाडलोट आणि ओझी वाहणे अशी हलकी कामे करतच नव्हते, हे निवड करताना त्याने पाहिले नव्हते, मीही सांगितले नव्हते. उरलेली 'आजी' दिवसभर भाताच्या शेतात. अन्नातून विषबाधा होण्याची शक्यता स्वयंपाक्याच्या कौशल्यावर आणि खोलीच्या स्वच्छतेवर ठरते, आणि बुचर टेबल नुसते खोलीत असले तरी स्वच्छता घसरते, रक्त सांडते ते वेगळेच. नवव्या दिवशी संध्याकाळी दोघे ओकू लागले. ओकण्याने जमीन आणखी घाण झाली, त्याच जमिनीवर रात्रीचे जेवण शिजले, आणि सकाळी सोटा घेतलेला एकच लुटारू आला. 'मामा' रिव्हॉल्व्हर उचलायचा, वाकायचा, ओकायचा, पुन्हा उचलायचा. भाचा पडद्याकडे बघत राहिला आणि शेवटी मला म्हणाला, "मामा, यात माझं काय चुकलं?" चूक त्याची नव्हतीच.

तेव्हा दुरुस्ती अशी: बुचर टेबल वेगळ्या खोलीत, कोठाराला लागून, चुलीच्या खोलीत फरशी, आणि कामांच्या तक्त्यात हाताने क्रमांक देण्याची सोय सुरू करून एका तरी माणसाच्या नावापुढे झाडलोटीला वरचा क्रमांक. तक्त्यात कामे डावीकडून उजवीकडे घेतली जातात आणि ते काम उजवीकडच्या टोकाजवळ असल्यामुळे समान क्रमांक असतील तर त्याची पाळी क्वचितच येते. कोठार थंड करायच्या कूलरबद्दलही एक सांगायला हवे. आपल्याकडे कूलर म्हटले की वाळ्याची जाळी आणि पाण्याची टाकी डोळ्यांसमोर येते, पण खेळातला कूलर एका अंगाने गार करतो आणि दुसऱ्या अंगाने गरम हवा सोडतो. भाच्याने तो उलटा बसवला होता आणि तापमानही मुळात दिलेल्या २१ अंशांवरच होते. मांस शून्याच्या खाली टिकते. २१ अंशांच्या खोलीत ते लवकरच कुजते.

फीबीबाबत मी अर्धे मागे घेतो. ती दोन संकटांमध्ये मोठी उसंत देते म्हणून मी तिचे नाव सुचवले होते. पण आपण लिहिल्याप्रमाणे त्या उसंतीत वसाहत धनवान होत जाते आणि हल्ला येतो तो त्या धनाच्या मापाने येतो, त्यामुळे कधी लढलाच नाही असा खेळाडू अचानक मोठ्या टोळीसमोर उभा राहतो. गोष्ट रचणारी दुसरी, कॅसँड्रा, लहान संकटांपासून चढत जाते, म्हणून शिकायला तीच बरी, हे मान्य. मात्र तिच्यासोबत अवघडपणाची पातळी सर्वांत वरची ठेवावी, हा आपला आग्रह मला मान्य नाही. 'हरण्यात मजा आहे' हे ब्रीद 'ड्वार्फ फोर्ट्रेस' या दुसऱ्या खेळाच्या खेळाडूंकडून आले आणि रिमवर्ल्डने आपल्या सर्वांत कठीण पातळीला तेच नाव दिले, हे खरे. परंतु आपण कशाने हरलो हे ज्याला कळते त्यालाच त्यात मजा येते, आणि भाच्याला ते कळले नव्हते. 'ॲडव्हेंचर स्टोरी' ही पातळी पहिल्या वर्षाला पुरते.

काटकसरीचा आरोप राहिला. धन वाढले की हल्ले वाढतात हे मी लिहिले आणि ते वाचून काही जण चांगली खाटही बांधायला घाबरू लागले, हे आपले निरीक्षण रास्त आहे. पण मोजणी कशी होते ते पाहिले तर भीतीचे कारण फार उरत नाही. इमारतींची किंमत निम्मीच धरली जाते आणि एकूण धन सुमारे १४,००० च्या खाली असेपर्यंत धनामुळे हल्ल्यात काहीच भर पडत नाही. पलंग, टेबल, फरशी, औषध यांवर हात आखडू नये. आखडायचा तो मेलेल्या लुटारूंच्या बंदुकांच्या ढिगावर आणि हौसेने घडवलेल्या मूर्तींवर. व्यापारी आला की बंदुका विकून टाकाव्या.

मूळ लेखात वरील दुरुस्त्या आजच केल्या आहेत आणि जुना बुचर टेबलाचा परिच्छेद पुसून न टाकता त्यावर काट मारून ठेवला आहे. आपल्याला एक विनंती आहे. ज्या वसाहतीत आपण पहिल्या दिवसापासून मका लावून आणि फक्त दगड वापरून वर्ष काढले, असे आपण लिहिले आहे, त्या जगाचा सीड (ज्यावरून खेळ तेच जग पुन्हा रचतो तो सांकेतिक शब्द) आणि जगाच्या नकाशावरची आपली जागा कळवावी. भाचा दिवाळीत पुन्हा येणार आहे. त्याच जागी एक वसाहत तो आपल्या पद्धतीने वसवेल आणि एक मी माझ्या पद्धतीने. या वेळी 'मामा'ला स्वयंपाकघरात पाठवायचे नाही, एवढी अट त्याने आताच घातली आहे.