केनिया सहलीच्या एक-स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

"लशीसाठी साताऱ्याहून पुण्याला दोन खेपा मारायला लावल्या, नैरोबीत कार्डाकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही, वर मलेरियाच्या गोळ्यांनी पोट बिघडलं," असं तुम्ही लिहिलंय.

दोन खेपा पडल्या ती चूक आमची. आईंचं वय 67. साठीनंतर यलो फीवरची लस पहिल्यांदाच घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते, म्हणून केंद्रावर डॉक्टरांनी आधी त्यांच्या फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. हे आम्ही बुकिंगच्या दिवशीच सांगायला हवं होतं. आमच्या माहितीपत्रकात ते शेवटच्या पानावर तळाला होतं, तिथे कोण वाचणार? आता साठीच्या पुढच्या प्रवाशांना आधी फोन करून सांगतो.

कार्डाचं, म्हणजे यलो फीवरची लस घेतल्याच्या दाखल्याचं, मात्र पटत नाही. तुम्ही मुंबईहून थेट गेलात. भारतात हा आजार नाही, म्हणून केनियाने विचारलं नाही. आजार असलेल्या देशांतून येणाऱ्यांना ते विचारतात. तुमचं कार्ड परतीसाठी होतं. यलो फीवर पसरवणारा एडिस डास, तोच आपला डेंग्यूवाला, आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. विषाणू तेवढा अजून आलेला नाही, आणि तो येऊ नये म्हणून केनियाहून कार्डाशिवाय येणाऱ्याला आपल्याकडे 6 दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. मी त्या ग्रुपबरोबर होतो. मुंबईत काउंटरवरच्या बाईंनी आईंच्या कार्डावरची तारीख बोटांवर मोजून बघितली होती, कारण लस घेतल्यावर 10 दिवसांनीच कार्ड लागू होतं. म्हणून तर मी महिनाभर आधी सगळ्यांच्या मागे लागतो. कार्ड टाकू नका हं, 2016 पासून ते आयुष्यभर चालतं.

आता गोळ्या. मसाई मारात पहाटेच्या सफारीआधी तुम्ही मलेरियाची गोळी नुसत्या कोऱ्या चहाबरोबर घ्यायचात. ही गोळी, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, पोटभर खाऊन किंवा दुधाबरोबर घ्यायची असते. रिकाम्या पोटी मळमळतं आणि औषध अंगीही नीट लागत नाही.

खरी काळजी तुमच्या शेवटच्या ओळीची वाटली: "घरी आल्यावर लगेच बंद केल्या." ही गोळी परतल्यावरही 7 दिवस चालू ठेवायची असते. शेवटच्या रात्री डास चावला असेल तर मलेरियाचे जंतू आधी आठवडाभर यकृतात दडून असतात, तेव्हा काहीच जाणवत नाही. आजच तुमच्या डॉक्टरांशी बोला. पुढच्या काही महिन्यांत कधीही ताप आला तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि केनियाला जाऊन आलोय हे स्वतःहून सांगा. तिकडचा फाल्सिपेरम मलेरिया, म्हणजे मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार, दोन दिवसांची उसंत देईलच असं नाही.

पुण्याच्या दुसऱ्या खेपेचं गाडीभाडं आम्ही देतो. पावती नसली तरी चालेल, आकडा कळवा.