पोस्टर पुरे, पोरांच्या हातात डिटेक्टर द्या

जानेवारी आला की इथे अमेरिकेत रेडॉनचा महिना सुरू होतो, मग पोस्टर स्पर्धा. पोरं एक घर काढतात, खालून हिरवा धूर, वर 'घर टेस्ट करा', बक्षीस, फोटो, संपलं! ज्या पोराने ते काढलं त्याच्या घरात रेडॉन किती ते कुणी मोजलंय का विचारा. मला खरंच वैताग येतो याचा.

तिकडच्या मंडळींसाठी सांगते, रेडॉन म्हणजे जमिनीतल्या युरेनियममधून तयार होणारा किरणोत्सारी वायू, ना रंग ना वास, घराच्या पायातल्या (फाउंडेशनच्या) भेगांतून आत शिरतो आणि बंद घरात साठतो. सिगरेटनंतर फुप्फुसाच्या कॅन्सरचं इथलं सगळ्यात मोठं कारण हेच, ईपीएच्या (इथली सरकारी पर्यावरण संस्था) अंदाजाने वर्षाला सुमारे 21,000 मृत्यू. आणि आपण काय करतो, तर बेसमेंट फिनिश करून तिथेच ऑफिस, तिथेच मुलांची प्लेरूम.

1984 मधे पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ली वॉट्रास नावाचा इंजिनियर आला की किरणोत्साराचा अलार्म वाजायचा, केंद्र तर अजून सुरूही झालं नव्हतं, शेवटी कळलं की गडी किरणोत्सार घरूनच घेऊन येतोय. घरात सुमारे 2,700 पिकोक्युरी प्रति लिटर (हवेतला रेडॉन मोजायचं एकक)! 4 किंवा वर गेलं की उपाय करा म्हणतात. त्याचं घर ज्या रेडिंग प्राँगच्या खडकावर होतं तोच पट्टा पुढे आमच्या न्यूजर्सीतून जातो. आणि शेजाऱ्याचं रीडिंग कमी आलं म्हणून आपलं कमी असं अजिबात नसतं, घराघरात मोजावं लागतं. आता गावातल्या इतक्या घरांत रोज संध्याकाळी जाणारं हायस्कूलच्या पोरांशिवाय दुसरं कोण आहे सांगा?

बरं, काम काही अवघड नाही. रेडॉन शोषून घेणारी कोळशाची डबी राहत्या सगळ्यात खालच्या मजल्यावर ठेवायची, किचन-बाथरूम सोडून, 12 तास आधीपासून खिडक्या बंद, दोनेक दिवसांनी सील करून लॅबला. डिजिटल मॉनिटर मिळाला तर अजून मजा, थंडीत गरम हवा वरून निसटते आणि घर खालून जमिनीतली हवा आत ओढतं, ते ग्राफवर दिसतं. लोकरीवर घासलेला फुगा बेसमेंटमधे अर्धा तास टांगा, रेडॉनपासून तयार झालेले किरणोत्सारी कण त्याला चिकटतात, मग तो गायगर काउंटरजवळ (किरणोत्सार मोजणारं यंत्र) धरा, टिकटिक वाढते आणि पुढच्या तासाभरात उतरत जाते. हाफ लाइफची (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) व्याख्या घोकत बसण्यापेक्षा हे बघा की!

'पोरांना कशाला घाबरवायचं' म्हणणाऱ्या आया आमच्या ग्रुपवर आहेतच, आणि त्यांचं अगदीच चुकीचं नाही. 9 आकडा आला आणि पुढे काय ते कुणीच सांगितलं नाही तर पोरगं रात्री झोपेल कसं? म्हणून डब्या वाटायच्या आधी शाळेने ठरवावं. आकडा आधी पालकांना, वर्गात कुणाचं नाव नाही, नकाशावर पत्ता नाही (घर विकताना लोकांना काय काय सुचतं ते माहितीये). जास्त आला तर परत टेस्ट, तरी जास्तच असेल तर फरशीखालून पाइप आणि पंखा, हवा छपरावरून बाहेर. खर्च हजार-दीड हजार डॉलर किंवा जास्तही, आणि भाड्याने राहणाऱ्यांच्या घरमालकाला पत्र कोण लिहिणार? माझ्या मते शाळेनेच टाउनच्या हेल्थ डिपार्टमेंटला सोबत घ्यावं, पोरावर टाकू नये.

आमच्या शाळेच्या सायन्स डिपार्टमेंटला मेल टाकलाय. घर घेताना हौसेने आणलेला मॉनिटर ज्यांच्या ड्रॉवरमधे पडून आहे त्यांनी कमेंटमधे हात वर करा, थंडीपुरता उसना हवाय.