ड्रॅक्युला रडला म्हणून काय झालं?

आज डब्याच्या वेळी ऑफिसातला एक नवा मुलगा मला सांगत होता, "ताई, ड्रॅक्युला व्हिलन नाहीच हो. त्याला कुणी समजूनच घेतलं नाही." विषय मार्व्हलच्या 'टूम ऑफ ड्रॅक्युला' या जुन्या कॉमिक मालिकेचा. घास तसाच राहिला हातात. हल्ली हे एक खूळच झालंय. खलनायक दिसला की लगेच त्याचं बालपण काढायचं, दुःख काढायचं आणि खून माफ!

मला कुणी त्याचं दुःख शिकवू नये. कॉलेजात असताना फाउंटनच्या फुटपाथवर या मालिकेचा एक कव्हर फाटलेला अंक मिळाला होता. व्हीटीहून डोंबिवली फास्ट पकडली, खिडकी मिळाली आणि वाचत बसले. ड्रॅक्युलाला बायको आहे, डोमिनी. तान्हं बाळ आहे, जेनस. लुपेस्की नावाचा भोंदू धर्मगुरू ड्रॅक्युलावर गोळी झाडतो आणि ती लागते बाळाला. शतकानुशतकं न मरणारा हा माणूस, आणि त्याच्यासमोर त्याचं पोर मेलेलं. चित्रकार जीन कोलननं तो चेहरा असा काढलाय की मी भर लेडीज डब्यात रडायला लागले. समोर मटार सोलत बसलेल्या काकूंनी विचारलं, "पेपर अवघड गेला का गं?" काय सांगणार? मान डोलावली. त्यांनी मूठभर मटार हातावर ठेवले.

तर रडून झालंय माझं. पण म्हणून तो बिचारा?

क्विन्सी हार्करचं काय मग? ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीतल्या जोनाथन आणि मीनाचा मुलगा, इथे म्हातारा झालेला. ड्रॅक्युलानंच त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं. आणि त्याची मुलगी एडिथ? तिला ड्रॅक्युलानं चावून पिशाच्च केलं आणि बापाला आपल्या हातानं तिला संपवावं लागलं. हे मला पुढे संग्रह हाती आले तेव्हा कळलं आणि त्या मटारांची आठवण होऊन चिडचिड झाली. मी लोकलमध्ये ज्याच्यासाठी रडले, त्यानं दुसऱ्याच्या लेकीचं हे केलं होतं! आपल्या पोरासाठी ऊर फुटतो, आणि एडिथ कुणाची होती?

हो, मान्य आहे, त्याला काळीज दिलं नसतं तर 1972 ते 1979 असे 70 अंक कुणी वाचले नसते. लेखक मार्व्ह वुल्फमननं ते मुद्दाम दिलं. नुसता सुळेवाला भुत्या काय कुणीही लिहील. आणि कोलनचं ते धुकं, टॉम पामरची शाई... नट जॅक पॅलन्सचा चेहरा डोळ्यासमोर ठेवून कोलन ड्रॅक्युला काढायचा, आणि पुढे पॅलन्सनंच टीव्हीवर ड्रॅक्युला केला! असल्या गोष्टींवर मी तासभर बोलू शकते. बघा, राग गेला माझा.

नाही गेला. कारण वुल्फमननं काळीज दिलं, पण माफी दिली नाही. शेवटच्या अंकात क्विन्सी काय करतो? त्याच खुर्चीच्या चाकाचा चांदीचा स्पोक काढून ड्रॅक्युलाच्या छातीत खुपसतो. खुर्चीत बॉम्ब लावलेला. किल्ल्यासकट स्वतःही जातो. सत्तर अंकांचा हिशेब एका म्हाताऱ्यानं चुकता केला. लिहिणाऱ्याला कळत होतं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं. वाचणाऱ्यांनाच हल्ली कळत नाही.

आणि किल्ला उडवून काय साधलं? 1982 साली ड्रॅक्युला मार्व्हलच्याच एक्स-मेन या सुपरहिरोंच्या टोळीतल्या स्टॉर्मच्या गळ्याशी हजर. पुढच्याच वर्षी मार्व्हलचा जादूगार डॉक्टर स्ट्रेंज यानं मंत्र म्हणून जगातली झाडून सगळी पिशाच्चं संपवली, तरी हा परत आलाच. विकला जातो ना! एडिथला कोण परत आणणार? तिच्यावर टी-शर्ट निघत नाहीत.

त्या काकूंना मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी एकच विचारलं असतं, हे मला खात्रीनं वाटतं: "त्यानं किती जणांची पोरं खाल्ली गं?" आमच्या ऑफिसातल्या मुलाला हा प्रश्न सुचला नाही. तो म्हणाला, "ताई, तुम्ही फार जजमेंटल आहात."

आहे. आणि कमेंटमध्ये "अहो, कॉमिकच तर आहे" लिहायला आलेल्यांनी आल्या पावली परत जावं.